झोळी आणि तिचा आधार
शिबिरासाठी हॅमॉक व स्टँड निवडताना

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम मनात आले. परंतु आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि माझ्यापेक्षा त्या त्यांना अधिक चांगल्या सांगता येतात. मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि सुट्यांत मुलांची निसर्गशिबिरे घेतली. तेव्हा आठवणीऐवजी एक पाठच लिहावा, असे ठरवले. अलीकडे आपले माजी विद्यार्थी मुलाबाळांसह डोंगरात, नदीकाठी मुक्कामाला जाऊ लागले आहेत. वसतिगृहातील मुलांच्या शिबिरासाठी साहित्य भेट देण्याची इच्छाही अनेक जण बोलून दाखवतात, आणि त्या साहित्याच्या यादीत ‘हॅमॉक’ हे नाव हमखास असते. दोन झाडांमध्ये बांधायची ही झोळी, आणि झाडे नसतील तेथे तिला टांगण्यासाठी उचलून नेता येणारे स्टँड, या दोन वस्तू निवडताना काय पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. मलाही एके काळी तसाच वाटत होता. माझ्या समोर एक मुलगा पडला, तेव्हापासून वाटत नाही.

एक चूक

एका शिबिरात मुक्कामाच्या जागी झाडे विरळ होती. पत्र्याच्या एका शेडचे दोन लाकडी खांब मला सोयीचे दिसले. मुलांनी आणलेली नायलॉनची झोळी मी स्वतः त्या खांबांना बांधली. ती खाली लोंबू नये म्हणून दोरी चांगली ओढून घेतली. झोळी खाटेसारखी ताठ झाली, तेव्हा काम नीट झाले असे मला वाटले. आठवीतला एक मुलगा धावत आला आणि धपकन तीत बसला. दोरी तुटली नाही, कापड फाटले नाही, गाठही सुटली नाही. खांबच बुडापासून कलला आणि आडवा झाला. मुलाचे मनगट मोडले. खांब त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर पडला होता.

त्याचे वडील दुसऱ्या दिवशी आले. ते मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, “सर, पोरगं काही फार जड नाही. मग खांब कसा पडला?” विज्ञानाच्या शिक्षकाला विचारलेला हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा ते मिळाले. पुढे जे लिहिले आहे ते सर्व त्या उत्तरातूनच आले आहे.

ताठ झोळी अधिक धोक्याची

झोळीत माणूस झोपला की त्याचा भार दोन्ही टोकांच्या दोऱ्यांवर येतो. ६० किलोंचा माणूस असेल तर प्रत्येक दोरीवर ३० किलो भार येईल, असे आपण सहज धरून चालतो. दोऱ्या सरळ उभ्या लटकत असतील तरच हे खरे आहे. दोरी जसजशी आडवी होत जाते तसतसा तिच्यावरचा ताण वाढतो. कारण भार उचलून धरण्याचे काम दोरीचा केवळ उभा अंश करतो. उरलेला आडवा अंश दोन्ही खांबांना एकमेकांकडे ओढण्यात खर्च होतो.

दोरी जमिनीशी समांतर रेषेशी किती अंशांचा कोन करते, त्यावर हा ताण अवलंबून असतो. ६० किलोंच्या माणसासाठी प्रत्येक दोरीवरचा ताण असा येतो :

६० अंशांचा कोन : सुमारे ३५ किलो
४५ अंशांचा कोन : सुमारे ४२ किलो
३० अंशांचा कोन : ६० किलो
२० अंशांचा कोन : सुमारे ८८ किलो
१० अंशांचा कोन : सुमारे १७३ किलो
५ अंशांचा कोन : सुमारे ३४४ किलो

दहावीच्या पुढे गणित शिकलेल्यांना याचे सूत्र ओळखीचे वाटेल : भाराला कोनाच्या ज्येच्या दुपटीने भागायचे. ज्यांना सूत्र नको असेल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की ३० अंशांच्या कोनात प्रत्येक दोरीवर माणसाच्या वजनाइतका ताण येतो, आणि झोळी ताठ ओढून कोन १० अंशांवर आणला तर तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. याशिवाय कोणी धपकन बसले तर क्षणभर हा आकडा आणखी दुप्पट किंवा त्याहूनही मोठा होतो. माझ्या त्या खांबाला एका मुलाच्या वजनाने पाडले नव्हते. मी ताणलेल्या दोरीने त्या वजनाचे कित्येक पट ओझे करून ते खांबाला आडवे लावले होते. छपराचे ओझे वर्षानुवर्षे उभे पेलणारा खांब आडव्या ओढीपुढे टिकला नाही, यात नवल नाही.

हे समजल्यावर मला आईची झोळी आठवली. शेताच्या कडेला बाभळीच्या फांदीला लुगडे बांधून तीत लेकराला निजवणारी आई आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर आजही ती दिसते. तिने लुगड्याची दोन्ही टोके वर नेऊन एकाच फांदीला जवळजवळ बांधलेली असत. झोळी खोल असे आणि कापड जवळजवळ उभे लटकत असे. त्यामुळे प्रत्येक टोकावर निम्म्याहून थोडाच अधिक भार येई. तिने कोन मोजला नव्हता, पण झोळी ताणायची नसते हे तिला ठाऊक होते. मला ते पुस्तकातून शिकावे लागले.

तेव्हा पहिला नियम असा : झोळी सैल बांधावी. दोरीचा कोन सुमारे ३० अंश असावा. मोजण्यासाठी कंपासपेटीतला तीस-साठचा गुण्या पुरतो. तोही जवळ नसेल तर वितीने मोजावे : दोरी आडव्या दिशेने सात विती गेली असता उभ्या दिशेने चार विती खाली उतरली पाहिजे.

सैल झोळीत पाठ वाकत नाही का?

हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. झोळीत लांबीच्या रेषेत, दोरीला समांतर झोपले तर पाठ केळ्यासारखी वाकते, हे खरे आहे. परंतु ती झोपण्याची रीत नव्हे. सैल बांधलेल्या झोळीत तिरपे झोपावे : डोके मध्यरेषेच्या एका बाजूस आणि पाय दुसऱ्या बाजूस. असे झोपल्यावर कापड शरीराखाली पसरते आणि पाठ बरीचशी सपाट राहते. ताठ झोळीत तिरपे होताच येत नाही. कडा अंगावर आवळतात आणि झोळी उलटण्याची भीती राहते. म्हणजे जो सैलपणा दोरीला सुरक्षित करतो, तोच पाठीलाही आराम देतो.

झोळीचा जन्म ज्यांच्याकडे झाला त्या लोकांना हे चांगले माहीत होते. हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे जगात गेला. १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील लोक सुताच्या जाळ्यांसारख्या टांगत्या बिछान्यांत झोपताना त्याच्या लोकांनी पाहिले. पुढे युरोपातील जहाजांवर खलाशांसाठी तेच बिछाने आले, कारण जहाज डोलले तरी टांगलेला माणूस सहसा खाली पडत नाही. मेक्सिकोतील युकातान भागात आजही रुंद जाळीच्या झोळ्या विणल्या जातात आणि लोक त्यांत आडवे-तिरपेच झोपतात.

कापड, लांबी, रुंदी

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला सुती कापडाचा किंवा जाळीचा. तो अंगाला थंड आणि सुखद लागतो. घराच्या अंगणात तो उत्तम. पण तो जड असतो, पाणी पितो, सावकाश वाळतो आणि ओला गुंडाळून ठेवला तर कुजतो. दुसरा दोन्ही टोकांना आडव्या लाकडी दांड्या असलेला, जाहिरातीतल्या चित्रांत दिसतो तो. दिसायला सुंदर आणि सपाट. परंतु दांड्यांमुळे त्याचा भारमध्य वर राहतो आणि कूस बदलताना तो सहज उलटतो. शिवाय तो लहान गुंडाळता येत नाही. तिसरा पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, टोकांशी चुण्या करून बांधलेला. हा अर्ध्या-पाऊण किलोचा असतो, हाताच्या ओंजळीएवढ्या पिशवीत मावतो आणि भिजला तरी लवकर वाळतो. पाठीवर सामान घेऊन जायचे असेल तर हाच घ्यावा. नायलॉन थोडे ताणते आणि मऊ लागते. पॉलिस्टर कमी ताणते आणि ओलाव्याने कमी सैलावते.

लांबीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. दुकानात झोळी दोन मीटर साठ सेंटिमीटर आहे की तीन मीटर तीस, हे कोणी विचारत नाही. तिरपे झोपण्यासाठी प्रौढ माणसाला तीन मीटरपेक्षा थोडी जास्त लांबी हवी. रुंदी दीड मीटरच्या आसपास पुरते. ‘दोन माणसांची’ म्हणून विकली जाणारी रुंद झोळी एका माणसाला ऐसपैस होते. दोघांनी तीत रात्र काढू नये, कारण दोघेही मध्यभागी एकमेकांवर घसरतात आणि भार दुप्पट होतो.

एक लहानशी युक्ती सांगतो. झोळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून एक बारीक, न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवावी. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के असावी. झोळी ३ मीटर ३० सेंटिमीटर असेल तर ही दोरी सुमारे २ मीटर ७५ सेंटिमीटर होते. ती असली की झाडांमधले अंतर कमी-जास्त झाले तरी झोळीचा खोलगटपणा तोच राहतो. मात्र ही दोरी कडक ताणलेली नसावी. बोटांनी दाबली असता थोडी वाकली पाहिजे. वीणेच्या तारेसारखी ताठ वाटली तर झोळी फार ओढली गेली आहे, असे समजावे.

पट्टे आणि कड्या

झोळीसोबत पुष्कळदा बारीक दोरी मिळते. ती बाजूला ठेवावी. बारीक दोरी खोडाच्या सालीत रुतते. झाडाचे अन्नरस वाहून नेणारे थर सालीच्या आत लगेचच असतात. ते कापले गेले की झाडाला इजा होते. म्हणून खोडाभोवती किमान अडीच सेंटिमीटर, शक्यतो त्याहून रुंद असा पॉलिस्टरचा चपटा पट्टा वापरावा. टप्प्याटप्प्याने शिवलेली कडी असलेले पट्टे मिळतात. त्यांत गाठ मारावी लागत नाही आणि उंची एका कडीने वर-खाली करता येते. ज्या मुलांना गाठी नीट येत नाहीत त्यांच्यासाठी हेच बरे.

पट्टा व झोळी जोडणारी स्प्रिंगची कडी, म्हणजे कॅरॅबिनर, घेताना तिच्यावर कोरलेला आकडा वाचावा. किल्ल्या अडकवण्याच्या कड्या अगदी तशाच दिसतात, पण त्या भार घेण्यासाठी नसतात. भारासाठी बनवलेल्या कडीवर किलोन्यूटनमध्ये आकडा असतो. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोंचा ताण. पट्टा, कडी, शिवण यांपैकी प्रत्येक वस्तूची क्षमता माणसाच्या वजनाच्या किमान पाचपट असावी, असे धरून खरेदी करावी. साखळी सर्वांत कच्च्या कडीइतकीच पक्की असते. चार भक्कम वस्तूंत एक कच्ची राहिली तर बाकीच्या चौघींचा उपयोग नाही.

झाड निवडताना

खोड जिवंत, सरळ आणि किमान १५ सेंटिमीटर जाडीचे असावे. पट्टा फांदीला नव्हे, खोडालाच बांधावा. आंबा, चिंच, साग, कडुनिंब यांची वाढलेली खोडे भरवशाची असतात. शेवगा आणि पांगारा यांचे लाकूड ठिसूळ. त्यांच्या वाटेला जाऊ नये. जांभळाची फांदी कडकन मोडते हे गावातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. गुलमोहर पावसाळ्यात उन्मळून पडतो. नारळाखाली तर झोपूच नये.

बांधण्यापूर्वी वर पाहावे. वाळकी फांदी अडकून राहिली आहे का? आग्या मोहोळाचे पोळे आहे का? सह्याद्रीत ही शेवटची गोष्ट विसरून चालत नाही. झाडाखाली धूर केला आणि वर पोळे असले तर सर्व शिबिराला पळावे लागते. दोन खोडांमधले अंतर चार ते पाच मीटर असावे. चार मीटर अंतर असेल तर पट्टा साधारण दीड मीटरवर आणि पाच मीटर असेल तर पावणेदोन ते दोन मीटरच्या दरम्यान बांधला की कोन बरोबर येतो. बसल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून गुडघ्याएवढा, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास असावा. त्याहून उंच बांधू नये. एका झोळीवर दुसरी झोळी तर कधीच नको. खाली खडक, खुंट, उतार नसावा.

विटांचा खांब, कुंपणाचा दगडी खांब, जुन्या शेडचा डांब यांना झोळी बांधू नये. विटांचे बांधकाम वरून येणारा दाब उत्तम सोसते, पण आडवी ओढ त्याला सोसत नाही. असे खांब झोळीवर कोसळून मुले दगावल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. माझ्या शिबिरात जे घडले ते त्याच जातीचे होते. आमचे नशीब थोडे बरे, इतकेच.

झाडे नसतील तेव्हा

आपल्या राज्याचा मोठा भाग उघडा आहे. दख्खनचे माळ, कोकणातले कातळाचे सडे, धरणांचे काठ, शाळेचे मैदान, यांपैकी कोठेही मनासारखी दोन झाडे मिळतील असे नाही. अशा जागी स्टँडचा विचार येतो. स्टँड म्हणजे सोबत नेलेली दोन झाडे आणि त्यांच्यामधली जमीन. ही व्याख्या थोडी विचित्र वाटेल, पण स्टँड पारखण्यास ती उपयोगी पडते. झाडाची मुळे आडवी ओढ जमिनीत जिरवतात. स्टँडला मुळे नाहीत. म्हणून दोन्ही खांबांना आत ओढणारा जोर स्टँडच्या स्वतःच्या सांगाड्यानेच पेलला पाहिजे. ६० किलोंचा माणूस ३० अंशांत झोपला तर ही आडवी ओढ प्रत्येक टोकाला सुमारे ५२ किलो असते. स्टँडचा प्रत्येक सांधा या ओढीशी झुंजत असतो.

पाच प्रश्न विचारून स्टँड घ्यावे.

पहिला : ते माझ्या झोळीच्या मापाचे आहे का? आडव्या दांड्यांच्या झोळीला साधारण चार ते साडेचार मीटर लांब स्टँड लागते. चुण्यांच्या झोळीला तीन मीटरच्या आतबाहेरचे पुरते. आखूड स्टँडवर लांब झोळी जमिनीला टेकते. लांब स्टँडवर आखूड झोळी ताठ ओढली जाते, आणि पुन्हा माझीच चूक घडते.

दुसरा : भारक्षमता किती? डब्यावरच्या आकड्याच्या निम्म्याहून अधिक भार नेहमी घालू नये. मुले एकटी बसत नाहीत. एक बसला की दुसरा येतो.

तिसरा : सांधे कसे आहेत? उचलून नेता येणारे स्टँड तुकड्यांचे असते. एक नळी दुसरीत वीतभर तरी शिरली पाहिजे, आणि खिळ निसटू नये म्हणून तिला अडसर हवा. नुसत्या दोन बोटे शिरणाऱ्या नळ्या काही महिन्यांत सैल होऊन डुगडुगतात.

चौथा : पाया किती रुंद आहे? माणूस झोळीत बाजूने चढतो आणि बाजूनेच उतरतो. पायाची आडवी पट्टी अरुंद असेल तर स्टँड माणसासह कलंडते. दुकानातच मालकाच्या परवानगीने बसून, डावीउजवीकडे झोके देऊन पाहावे. एखादा पाय जमिनीवरून उचलला जात असेल तर ते स्टँड घेऊ नये.

पाचवा : वजन किती आणि ते कोण वाहणार? लोखंडी नळ्यांचे स्टँड साधारण १५ ते २५ किलोंचे भरते. गाडी जागेपर्यंत जात असेल तर ते सोयीचे. एस.टी.तून उतरून तासभर चालायचे असेल तर त्याचा विचार सोडावा. अॅल्युमिनियमची हलकी स्टँड मिळतात, पण त्यांपैकी काही जमिनीत मेखा ठोकून दोऱ्यांनी उभी राहतात. मऊ मातीत ती चांगली. कातळाच्या सड्यावर मेख शिरतच नाही आणि ओल्या काळ्या मातीत ती सहज उपटते. अशा जमिनीवर स्वतःच्या पायावर उभे राहणारे स्टँडच हवे, आणि काळ्या मातीत त्याच्या प्रत्येक पायाखाली फळी ठेवावी.

गावातल्या वेल्डरकडून स्टँड करून घेणारेही असतात. त्यात गैर काही नाही. मात्र उभ्या खांबाच्या बुडाशी तिरपा टेकू लावून घ्यावा, कारण खांब जितका उंच तितकी त्याला बुडाशी मोडण्याची ओढ अधिक. बांबूचाही उपाय आहे. दोन्ही टोकांना तीन-तीन जाड बांबूंची तिकाटणी उभारून त्यांच्या माथ्यावर एक आडवा बांबू घट्ट बांधला, तर खांबांना आत ओढणारा जोर तो आडवा बांबू दाबाने पेलतो. ज्या शिबिरात मुलांना वेळ आहे आणि शिकवणारा जवळ आहे, तेथे याहून चांगला प्रात्यक्षिकाचा तास नाही.

रात्रीची सोय

झोळी घेतली म्हणजे बिछाना झाला असे नाही. हवेत टांगलेल्या माणसाला थंडी खालून लागते. पांघरूण कितीही जाड असले तरी अंगाखाली दबले की त्यातली हवा जाते आणि ऊब राहत नाही. म्हणून हिवाळ्यात अंगाखाली फोमची चटई घ्यावी, किंवा झोळीच्या बाहेरून खाली एक गोधडी सैल बांधावी. बाहेरची गोधडी दबत नाही म्हणून ती अधिक उबदार. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या परिसरात डिसेंबरची रात्र काढणाऱ्याला याची किंमत कळेल. डास तर पातळ कापडातून खालूनही चावतात. मच्छरदाणी झोळीला चहूबाजूंनी, खालूनही वेढणारी असावी. वरून ताडपत्री असावी आणि पट्ट्यावरून ओघळणारे पाणी झोळीत येऊ नये म्हणून पट्ट्याला एक छोटी दोरी लोंबती बांधावी; पाणी तिच्यावरून खाली टपकते. अभयारण्यात मुक्काम असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

कोणासाठी नाही

तान्ह्या आणि लहान मुलांना शिबिराच्या झोळीत झोपवू नये. कापडात वाकून निजलेल्या तान्ह्या मुलाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. त्याला सपाट, टणक बिछानाच सुरक्षित. शेताच्या बांधावर आईला दुसरा पर्याय नव्हता, आणि तिची नजर क्षणभरही झोळीवरून हलत नसे. आपल्याला पर्याय आहे. जाळीच्या झोळीत मुले गुंतून गुदमरल्यामुळे अमेरिकेत १९९६ मध्ये आडव्या दांड्या नसलेल्या लहान जाळीच्या झोळ्या मोठ्या संख्येने बाजारातून परत मागवाव्या लागल्या. मोठी मुलेसुद्धा झोळी पिळून फिरकी घेतात. तो खेळ पहिल्याच दिवशी थांबवावा. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना झोळीतून उठणे जड जाते. त्यांच्यासाठी स्टँडवरची थोडी उंच झोळी आणि हात धरायला एक माणूस, दोन्ही हवे.

भेट देणाऱ्यांसाठी

ज्यांना शाळेच्या शिबिरासाठी साहित्य द्यावयाचे आहे त्यांना माझी विनंती आहे की खरेदी याच क्रमाने करावी : प्रथम चांगले पट्टे आणि कड्या, नंतर झोळ्या, नंतर ताडपत्री व मच्छरदाण्या, आणि सर्वांत शेवटी एक किंवा दोन भक्कम स्टँड, जी शाळेच्या आवारातच राहतील. पुष्कळ जण उलट्या क्रमाने देतात, कारण स्टँड नजरेत भरते आणि पट्टा भरत नाही. परंतु मुलाचे डोके ज्याच्या भरवशावर असते तो पट्टाच आहे.

आणि शिक्षकांसाठी एक शिस्त. प्रत्येक झोळी बांधून झाल्यावर प्रथम धान्याचे पोते ठेवावे. मग मोठ्या माणसाने सावकाश, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसावे. मग पट्टे व कड्या पुन्हा पाहाव्यात. त्यानंतरच मुलाला बसू द्यावे. यास पाच मिनिटे लागतात. त्या दिवशी ती पाच मिनिटे मी दिली नव्हती.

त्या मुलाचे मनगट दीड महिन्यात बरे झाले. पुढच्या शिबिराला तो आला, आणि झोळ्या बांधताना कंपासपेटीतला गुण्या घेऊन तोच माझ्या मागे फिरत होता. त्याच्या वडिलांना मी पत्राने उत्तर कळवले होते : पोरगं जड नव्हतं, दोरी मी फार ओढली होती.